रीत दाखविणारें यंत्र

गणिताच्या जुन्या शिक्षकांचा एक नियम असे. उत्तर बरोबर आलें तरी रीत लिहिलेली नसेल, तर ते पुरे गुण देत नसत. मुलांना हा अन्याय वाटे. उत्तर आलें म्हणजे झालें, असें त्यांचें म्हणणें. उत्तराची गरज कामाला असते आणि रीतीची गरज शिकणाराला असते, हें पुढें संसारांत पडल्यावरच बहुतेकांच्या ध्यानांत येतें. या दोन गरजांतील भेद एका यंत्राच्या चरित्रांत फार स्पष्टपणें उमटला आहे. तें यंत्र म्हणजे इंग्लंडांतील हार्वेल येथें तयार झालेला डेकाट्रॉन संगणक होय.

दुसरें महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश सरकारनें हार्वेल येथें अणुशक्तीच्या संशोधनासाठीं एक संस्था काढली. तेथील शास्त्रज्ञांना लागणारी लांबलचक आंकडेमोड तरुण गणक हातानें चालवावयाच्या यंत्रांवर करीत असत. काम महत्त्वाचें खरें, पण कमालीचें कंटाळवाणें. आणि कंटाळलेल्या माणसाच्या हातून चूक व्हावयाचीच. त्यांची या कष्टांतून सुटका व्हावी म्हणून टेड कुक-यारबरो, डिक बार्न्स व गर्नी थॉमस या तिघांनीं १९४९ सालीं एका स्वयंचलित गणकयंत्राची आंखणी सुरू केली. एप्रिल १९५१ मध्यें तें प्रथम चाललें. त्यांत ८२८ डेकाट्रॉन नळ्या होत्या, टेलिफोनच्या केंद्रांत वापरीत तसे ४८० रिले होते, आणि त्याचें वजन सुमारें २.५ टन होतें.

वेगाच्या बाबतींत हें यंत्र त्या काळींही मागासलेलेंच होतें. एका गुणाकारास त्याला ५ ते १० सेकंद लागत. एका निष्णात गणकानें हातयंत्र घेऊन त्याच्याशीं शर्यत लावली, तेव्हां अर्धा तास तो त्याच्या बरोबरीनें चालला. पुढें माणूस थकून उठला. यंत्र मात्र आपल्या चालीनें चालतच राहिलें. मे १९५२ पासून फेब्रुवारी १९५३ पर्यंत त्यानें आठवड्याला सरासरी ८० तास काम केलें. एकदां नाताळच्या सुटींत तें निदान दहा दिवस एकटेंच कागदी पट्टीवरील भोंकें वाचीत बसलें होतें, आणि माणसें परत आलीं तेव्हांही त्याची टकटक चालूच होती, अशी तेथील गणनविभागाचे प्रमुख जॅक हाऊलेट यांची आठवण आहे. या यंत्राचा गुण वेग नसून चिकाटी हा होता.

परंतु कामाच्या जगांत नुसत्या चिकाटीवर फार दिवस निभत नाहीं. १९५७ पर्यंत हार्वेलला अधिक वेगवान यंत्रें मिळूं लागलीं, आणि हें यंत्र मोडींत निघावयाची वेळ आली. तेव्हां ऑक्सफर्डच्या गणितसंस्थेनें एक स्पर्धा योजली. जें महाविद्यालय या यंत्राचा उत्तम उपयोग सुचवील, त्याला तें द्यावयाचें होतें. वुल्व्हरहॅम्प्टन येथील तंत्रमहाविद्यालयानें ही स्पर्धा जिंकली. हार्वेलहून आलेलें, संगणन शिकविण्याचें वुल्व्हरहॅम्प्टनचें साधन, अशा अर्थाचें नांव त्यास देण्यांत आलें. त्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांचा ‘विच’, म्हणजे चेटकीण, असा गमतीदार शब्द होतो. या चेटकिणीनें १९७३ पर्यंत तेथील विद्यार्थ्यांना शिकविलें. संशोधनाच्या सेवेंत सहा वर्षें आणि अध्यापनाच्या सेवेंत सोळा, असा तिच्या नोकरीचा हिशेब आहे.

ही अध्यापकी तिला साधली कशी, हें तिच्या रचनेंतच दिसतें. डेकाट्रॉन ही वायूनें भरलेली कांचेची नळी. तिच्या माथ्यावर वर्तुळाकार दहा घरें असतात आणि त्यांपैकीं एका घरांत प्रकाशाचा ठिपका दिसतो. विजेचा एक ठोका मिळाला कीं ठिपका एक घर पुढें सरकतो. नवाच्या घरांतून तो शून्यावर आला म्हणजे हातचा एक शेजारच्या नळीकडे जातो. पाटीवर बेरीज शिकलेल्या मुलाला याहून अधिक समजावून सांगावें लागत नाहीं. आजचे संगणक दोनच अंकांच्या भाषेंत हिशेब करतात. हें यंत्र आपल्या दशमान पद्धतीनेंच मोजतें, आणि त्याच्या स्मृतींतील संख्या नुसत्या डोळ्यांनीं वाचतां येते. त्या स्मृतींत फार तर ९० संख्या मावत. त्यामुळें कोणती संख्या ठेवावी आणि कोणती पुसावी, याचा विचार विद्यार्थ्याला स्वतःच करावा लागे. जो संथपणा संशोधकाला अडचणीचा वाटला, त्यामुळेंच विद्यार्थ्याच्या नजरेला यंत्राचा पाठलाग करतां आला.

यावर कोणी म्हणेल कीं, ही जुन्याची भलावण झाली. आक्षेप अगदींच खोटा नाहीं. वर्ग संपवून बाहेर पडलेल्या तरुणाला कारखान्यांत व कचेरींत निराळींच, शेंकडों पटींनीं वेगवान यंत्रें भेटत. त्यांची संवय या यंत्रावर होणें शक्य नव्हतें. शिवाय, गरीब शिक्षणसंस्थेच्या गळ्यांत जुनें सामान बांधून नव्याची निकड टाळणें याला कोणी औदार्य म्हणणार नाहीं. तथापि आज्ञा क्रमानें लावणें, संख्या सांठविणें, एकच कृति हवी तितके वेळां करविणें या मूळ कल्पना मोठ्या यंत्रांतही त्याच राहिल्या. त्या ज्याच्या डोळ्यांसमोर एकदां घडल्या, त्याला नवें यंत्र परकें वाटण्याचें कारण नव्हतें.

१९७३ नंतर हें यंत्र बर्मिंगहॅमच्या विज्ञानसंग्रहालयांत प्रेक्षणीय वस्तु म्हणून उभें होतें. १९९७ मध्यें तें संग्रहालय बंद झाल्यावर त्याचे भाग सुटे करून कोठारांत ठेवण्यांत आले. २००९ सालीं ब्लेचली पार्क येथील राष्ट्रीय संगणक संग्रहालयानें तें नेलें. तेथील स्वयंसेवकांनीं तीन वर्षें खपून त्याची दुरुस्ती केली, आणि २० नोव्हेंबर २०१२ रोजीं तें पुन्हां चालूं झालें. मूळ स्वरूपांत चालणारा जगांतील सर्वांत जुना अंकीय संगणक अशी आज त्याची ख्याति आहे. येणाऱ्या विद्यार्थ्यांना आंतील व्यवहार उघडा करून दाखविण्याचें आपलें जुनें काम त्यानें तेथें पुन्हां हातीं घेतलें.

आज कॉलेजांतील मुलाच्या मांडीवरचा संगणक एका सेकंदांत अब्जावधि कृति करतो, आणि मागितल्याबरोबर गणिताचें उत्तर काय, निबंधही लिहून देतो. त्याची उपयुक्तता कोण नाकारील? पण त्याची रीत बंद पेटींत असते, आणि ती पाहण्याची इच्छाही हळूहळू नाहींशी होते. आमच्या महाविद्यालयांनीं नवीं यंत्रें अवश्य घ्यावींत. मात्र ज्याचें झांकण काढून विद्यार्थ्याला आंत बोट दाखवितां येईल असें एखादें जुनें यंत्र प्रयोगशाळेंत असेल, तर तें मोडींत देण्यापूर्वीं शिक्षकांचें मत एकदां विचारावें.