रेक्झीनवर नवा रंग

बाजारात ज्याला सरसकट रेक्झीन म्हणतात, ते कापडावर चढवलेले पीव्हीसी होय. ते मऊ राहावे म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेले असते. उन्हाने रंग विटतो, उष्णतेने हे द्रव्यही हळूहळू निघून जाते आणि रेक्झीन कडक होऊन तडकते. उल्हासनगर कॅम्प २ च्या दाटीत मोटारी बहुधा उघड्यावरच उभ्या राहतात; त्यांच्या आसनांची काचेलगतची कड आधी फिकटते.

एखादेच आसन नव्याने शिवले की उरलेल्यांशी रंग जुळत नाही. अशा वेळी सगळी बदलण्यापेक्षा रंगवणे स्वस्त पडते. मात्र रेक्झीन सुती कापडासारखे रंग पीत नाही. रंग वर पातळ पापुद्रा होऊन बसतो. म्हणून कारागिराची खरी परीक्षा रंगात नव्हे, धुण्यात असते. चकाकीसाठी वर्षानुवर्षे फासलेले सिलिकॉन पॉलिश राहिले, तर उत्तम रंगही सोलला जातो. आधी सौम्य साबण व मऊ ब्रश, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. थिनर नकोच, तो रेक्झीनलाच खातो. नंतर व्हिनाइलसाठीच्या लवचिक रंगाचे पातळ हात, प्रत्येक हात वाळू देऊन द्यावेत. घरातला ऑइलपेंट बसल्याउठल्याने तडकतो. फिकटावर गडद रंग सहज चढतो, काळ्यावर बदामी चढवणे जिकिरीचे.

एअरबॅगचे झाकण व सीटबेल्ट रंगवू नयेत. झाकणाची फाटण्याची रेघ रंगाने बुजू शकते, पट्ट्याचे धागे कमकुवत होऊ शकतात.

वालधुनीकाठच्या रहिवाशांना २६ जुलै २००५ चा पूर आठवत असेल. तसे पाणी शिरलेल्या गाडीत आतला फोम कुजतो, स्प्रिंगा गंजतात. तेथे आधी आसन उसवावे, रंगाचे नंतर पाहावे.