घरातील कामावर कार्यालयाची नजर

२०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईच्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांतील अनेक तरुण कर्मचारी लॅपटॉपसह गावी परतले. बुलडाणा जिल्ह्यात खामगाव, चिखली, मेहकर येथील घरांचीही त्यामुळे कार्यालये झाली आणि साहेबांची देखरेखही घरात शिरली.

देखरेखीचे सॉफ्टवेअर कळफलक व माउसची हालचाल मोजते, उघडलेल्या संकेतस्थळांची नोंद ठेवते आणि ठरावीक वेळाने पडद्याचे छायाचित्र घेते. काही मिनिटे कळ दाबली गेली नाही, की कर्मचारी ‘निष्क्रिय’ ठरतो. वास्तविक तो त्या वेळी कागद वाचत असेल किंवा ग्राहकाशी फोनवर बोलत असेल. गावात आणखी एक अडचण असते. वीज गेली, की राउटर बंद पडतो. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला तरी कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क तुटतो, काम थांबते आणि भारनियमनाची ही वेळ कर्मचाऱ्याच्या नावावर आळस म्हणून जमा होऊ शकते.

फ्रान्समधील माहिती संरक्षण यंत्रणेने डिसेंबर २०२४ मध्ये याच मुद्द्यावर एका कंपनीला ४० हजार युरोंचा दंड केला. बैठक वा दूरध्वनीवरील संभाषण हेही कामच आहे, असे तिने स्पष्ट केले.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. मात्र २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ७ ने नोकरीच्या कारणासाठी, तसेच मालकाचे नुकसान टाळण्यासाठी, संमतीविना माहिती वापरण्याची मुभा दिली आहे. ही मुभा फार सैल आहे, असे म्हणावे लागेल. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदींसाठी त्यापुढे १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली.

घरातील कामावरील नियंत्रण महाराष्ट्राला नवे नाही. घरी विड्या वळणाऱ्या बायकांच्या मालातून ठेकेदार ‘छाट’ काढीत आणि तिचे पैसे कापले जात. विडी कामगारांसाठी १९६६ साली झालेल्या कायद्याखालील नियमांनी या छाटीवर मर्यादा घातली होती. तिथे निदान नाकारलेली विडी डोळ्यांना दिसे. ‘निष्क्रिय’ मिनिटांचा हिशेब बहुतेकदा कर्मचाऱ्याला दाखवलाच जात नाही.

म्हणून नोकरी स्वीकारतानाच देखरेखीचे धोरण लेखी मागावे. काय टिपले जाते, ते कोण पाहते, किती दिवस साठवले जाते आणि वेतनवाढीशी त्याचा संबंध आहे काय, हे त्यात असावे. कंपनीचे सॉफ्टवेअर स्वतःच्या लॅपटॉपवर शक्यतो घेऊ नये. घरच्यांचे बँक व्यवहार आणि छायाचित्रेही त्यातून टिपली जाऊ शकतात. वीज वा इंटरनेट खंडित झाल्यास तेव्हाच वरिष्ठांना मोबाईलवरून ई-मेल करावा. पुढे वाद झाल्यास वेळेची तेवढीच नोंद कर्मचाऱ्याच्या हाती असते.