गोदाकांठ आणि इंजिनियरची विद्या

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांत चकलांबा नांवाचें एक गांव आहे. तालुक्याच्या उत्तरेस गोदावरी वाहते. तरी पाण्याचें दुर्भिक्ष येथील लोकांस नवें नाहीं. नदी उशाशीं असून शेत कोरडें कां राहतें? पात्र खोल आणि शेत उंच, म्हणून. तें पाणी शेतावर यावयाचें तर कित्येक कोस मागें जाऊन तें अडवावें लागतें आणि तेथून उताराचा बारीक हिशेब ठेवीत कालव्यानें आणावें लागतें. हा हिशेब करणारा तो इंजिनियर. त्याची विद्या मराठवाड्यांतील मुलास कोठें, केव्हां आणि कोणत्या भाषेंत मिळूं शकली, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

विद्या येथें नव्हती असें मात्र कोणीं समजूं नये. बीड शहराजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, अहमदनगरच्या निजामशाहींत बांधली गेली. ती बांधविण्याचें श्रेय सलाबतखानास आणि रचनेचें श्रेय राजा भास्कर नांवाच्या स्थपतीस देतात. मोट नाहीं, रहाट नाहीं. भूमिगत पाटांतून पाणी केवळ उताराच्या जोरावर शेतांपर्यंत जातें. असलें ज्ञान त्या काळीं बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे जात असे. घराणें बुडालें कीं विद्याहि बुडे.

ती शाळेंत बसवून शिकविण्याची पद्धति इंग्रजी अमलांत आली. १८४७ सालीं रुडकीस आणि १८५४ सालीं पुण्यास असे वर्ग निघाले. पुण्याच्या वर्गाचा हेतु मोठा उदात्त होता असें नाहीं. रस्ते, पूल, धरणें बांधणाऱ्या सरकारी खात्यास हाताखालचे नोकर हवे होते. वरचा साहेब विलायतेहून येणार हें गृहीत होतें. परंतु १८६६ सालीं ही संस्था मुंबई विद्यापीठास जोडली गेली, पदवीचा मार्ग उघडला, आणि नोकर घडविण्यासाठीं काढलेल्या शाळेंतून धनी निघूं लागले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ति घेऊन येथें आले, १८८३ सालीं परीक्षेंत पहिले आले, आणि पुढल्या वर्षीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत रुजू झाले. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ सालीं त्यांनीं आपोआप उघडणारे दरवाजे बसविले. १९०८ सालीं मुसी नदीच्या महापुरानें हैद्राबाद उद्ध्वस्त केलें, तेव्हां निजाम सरकारनेंहि त्यांचाच सल्ला घेतला.

बीड त्या निजामी मुलखांत होतें. तेथें इंजिनियरांची वाण नव्हती. सरकारी शिष्यवृत्तीवर विलायतेंत शिकून आलेले अली नवाज जंग यांनीं १९२३ ते १९३१ या काळांत निजामसागर बांधला. तें धरण मांजरा नदीवर आहे, आणि मांजरेचा उगम बीड जिल्ह्यांतील बालाघाटाच्या डोंगरांत. पाणी बीडचें, भातशेती तेलंगणाची, असा तो योग होता! पण अधिक विचार करण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यम उर्दू होतें आणि तेथील इंजिनियरिंग कॉलेज १९२९ सालीं सुरू झालें. देशी भाषेंत ही विद्या शिकवितां येते हें त्या प्रयोगानें सिद्ध केलें, हें मोकळेपणानें कबूल केलें पाहिजे. मात्र घरीं मराठी बोलणाऱ्या गेवराईच्या मुलास ती भाषा इंग्रजीइतकीच परकी होती. त्यास आधीं भाषा चढावी लागे, मग भूमिति.

१९४८ च्या सप्टेंबरांत निजामी राजवट संपली. १९६० सालीं औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, सरकारी इंजिनियरिंग कॉलेज निघालें. पांच वर्षांनीं लालबहादुर शास्त्री यांच्या हस्तें पैठणजवळ जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली. जायकवाडी हें वस्तुतः बीड जिल्ह्यांतील एक गांव. पहिली योजना तेथली होती. पुढें धरणाची जागा पैठणास गेली आणि नांव तेवढें बीडचें राहिलें. १९७६ सालीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें उद्घाटन झालेल्या या धरणाची लांबी सुमारें दहा किलोमीटर आणि दरवाजे सत्तावीस आहेत. त्याचा उजवा कालवा गेवराई तालुक्यांतून माजलगांवकडे जातो. जलाशयाखालीं शंभराहून अधिक गांवें गेलीं. तो आंकडाहि इंजिनियरच्याच हिशेबाचा भाग आहे. पाठ्यपुस्तकांत मात्र तो क्वचितच भेटतो.

१९८३ सालीं खाजगी विनाअनुदानित कॉलेजांस परवानगी मिळाली, आणि पुढल्याच वर्षीं अंबाजोगाईस, बीड जिल्ह्यांतच, असें कॉलेज उभें राहिलें. आतां जागांचा तुटवडा पूर्वीसारखा नाहीं. राज्याच्या प्रवेशपरीक्षेंत पदार्थविज्ञान, रसायन व गणित मिळून दोनशें गुण असतात; त्यांतले शंभर एकट्या गणिताचे, आणि ती गणिताची प्रश्नपत्रिका इंग्रजींत असते. परीक्षेंत सुमारें पांचवा हिस्सा अकरावीचा आणि बाकी सारें बारावीचें, म्हणून आईबापें दहावीनंतर शिकवणीचा वर्ग शोधूं लागतात. माझ्या मतें त्यांस पांच-सहा वर्षांचा उशीर झालेला असतो.

कालव्याचेंच उदाहरण घ्या. पांच हजार फुटांत एक फूट उतार द्यावयाचा तर तें गणित अपूर्णांकांचें आहे. उतार वाजवीपेक्षां अधिक झाला तर पाणी कांठ खणतें. कमी झाला तर गाळ बसतो. हे अपूर्णांक चौथी-पांचवींत शिकवितात. पण गेवराई तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास कित्येक कुटुंबें ऊसतोडणीस जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. बरोबर गेलेल्या मुलाचें अर्धें वर्ष फडावर जातें. इतिहासाचें एखादें प्रकरण राहिलें तर मागाहून वाचून काढतां येतें. गणितांत मधली पायरी गेली कीं वरच्या साऱ्या डळमळतात. यासाठीं बीड जिल्ह्यांत हंगामी वसतिगृहांची योजना आहे: मूल गांवींच, बहुधा आजीआजोबांजवळ, राहतें आणि त्याच्या जेवणाची सोय शाळेमार्फत होते. तें वसतिगृह बैलगाड्या व ट्रक गांवाबाहेर पडण्यापूर्वीं उघडलें, तर मुलास मागें ठेवण्याचें धैर्य आईला होतें. पंधरा दिवस उशिरा उघडलें, तर मूल तोंवर कारखान्यावर पोंचलेलें असतें.