सेनिओच्या तीरावरील नामदेव जाधव

इटलीतील सेनिओ नदी तशी लहान आहे. सान पोलितोच्या उत्तरेस तिची रुंदी सुमारे १५ फूट व खोली ४ ते ५ फूट. परंतु दोन्ही तीरांवर पूर अडविण्यासाठी घातलेले ३० ते ३५ फूट उंचीचे बांध आहेत. १९४५ साली जर्मनांनी हे बांध पोखरून त्यांत मोर्चे वसविले होते व पूर्व बांधाच्या आतील उतारावर सुरुंग पेरले होते.

९ एप्रिल १९४५ रोजी सायंकाळी मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोन कंपन्यांनी येथे हल्ला चढविला. त्यांपैकी एका कंपनीत नामदेव जाधव हा शिपाई संदेशवाहक होता. कंपनीप्रमुखासह नदी उतरून पश्चिम तीरास लागताच, मागे राहिलेल्या पूर्व बांधातील मोर्चांतून त्यांच्यावर गोळीबार झाला. प्रमुख व दोन शिपाई जखमी झाले. जाधवांखेरीज त्या तुकडीतील इतर सर्व ठार झाले.

जाधवांनी एका जखमीस उचलून पाण्यातून व सुरुंगांतून पूर्व बांधापलीकडे नेले. परत येऊन दुसऱ्यासही नेले. त्यानंतर तिसऱ्यांदा बांध ओलांडून त्यांनी पहिला मोर्चा बंदुकीने बंद पाडला. हातास जखम झाल्याने बंदूक चालेना, तेव्हा हातबाँब घेऊन आणखी दोन मोर्चे नष्ट केले आणि बांधाच्या माथ्यावर उभे राहून, मराठ्यांचा रणघोष करीत, उरलेल्या सैनिकांना पुढे बोलाविले.

या प्रसंगाच्या कथनात तीन मोर्चांच्या पाडावास प्राधान्य मिळणे स्वाभाविक आहे. तथापि घटनांचा क्रम लक्षात घेणे अगत्याचे आहे. सुरक्षित जागा पूर्व बांधाच्या पलीकडे होती आणि शत्रूच्या मशीनगन त्याच बांधाच्या आतील अंगास होत्या. अर्थात सुटकेची वाट शत्रूच्या माऱ्यातूनच जात होती. ती वाट त्यांनी दोनदा जखमीचा भार घेऊन तुडविली, आणि मगच शस्त्र उचलले. मृत सोबत्यांचा सूड घेण्याच्या निर्धाराने त्यांनी मोर्चांवर चाल केली, असे सन्मानपत्र सांगते. हा हेतू सन्मानपत्र लिहिणाऱ्याने लावलेला आहे; कृतीचा क्रम मात्र असे दर्शवितो की, मृतांच्या आधी त्यांना जिवंतांची आठवण झाली.

जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २ मे १९४५ रोजी इटलीतील जर्मन सैन्याची शरणागती अमलात आली. परकीय सत्तेच्या सैन्यातील या शौर्याचे मूल्य कसे करावे, असा प्रश्न उपस्थित होतो. युद्धाचे उद्दिष्ट त्या शिपायाने ठरविलेले नव्हते. जखमी सोबत्यास मागे टाकावयाचे नाही, हा निर्णय मात्र सर्वस्वी त्याचा होता. आणि इतिहासकाराने त्याच्या नावे जमा करावयाचे ते हेच होय.