दोष लिहून ठेवणारे पुस्तक

सरकारी कचेरीत बदलीचा हुकूम आला की चार्ज देताना फायलींची यादी होते, चाव्या मोजून दिल्या जातात, पण काम कसे करायचे ते मात्र बहुधा तोंडीच राहते. 'अडले तर फोन कर' एवढ्या भरवशावर कारभार चालतो. चालतो, कारण नवा माणूस विचारू शकतो. ज्याला विचारता येत नाही किंवा विचारायचे सुचत नाही, अशा कारकुनाच्या हाती काम द्यायचे झाले तर? एआय एजंट नावाचा असाच एक कारकून आता संगणकावर रुजू झाला आहे. तो आपल्या वतीने दुसऱ्या आज्ञावली चालवतो आणि कोणती कशी चालवायची हे मुख्यत्वे तिच्याबद्दल लिहून ठेवलेल्या माहितीवरून ठरवतो.

ही माहिती कशी लिहावी याचा एक जुना, सुंदर धडा आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, मरे हिल इथल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स ही संगणकप्रणाली घडवली. तिच्यासाठी नवे यंत्र मिळावे म्हणून त्यांनी मजकूर टंकित करण्याची आणि सजवण्याची सोय करून देतो असे कबूल केले होते. त्यामुळे १९७१ च्या उत्तरार्धात पेटंट विभागातले तीन टंकलेखक दिवसभर युनिक्सवर अर्ज तयार करीत बसत. म्हणजे या थोर प्रणालीचे पहिले गिऱ्हाईक आमच्याच जातकुळीतले, कारकून! मला याचे भारी कौतुक वाटते.

त्याच वर्षी, ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची, युनिक्सच्या माहितीपुस्तकाची पहिली आवृत्ती निघाली. प्रत्येक आज्ञेचे स्वतंत्र टिपण आणि त्याचा साचा ठरलेला. नाव आणि एका ओळीत काम, मग वापरायची रीत, वर्णन, कोणत्या फायलींशी संबंध येतो, आणखी काय पाहावे, चूक झाल्यास कोणता संदेश येतो. शेवटी दोन मथळे असत. एक 'बग्ज', म्हणजे या आज्ञेत काय दोष आहेत. दुसरा 'ओनर', म्हणजे ही कोणाची जबाबदारी. टिपणीखाली सही असावी तसे!

आपल्या वस्तूचे दोष आपणच छापायचे ही रीत वरवर विचित्र वाटेल. पण तिचा परिणाम पाहा. पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची वेळ आली की तिथे धावपळ उडे. एखादी विचित्र गोष्ट कागदावर उतरवताना लाज वाटे, मग ती लिहिण्यापेक्षा दुरुस्त करणेच सोपे पडे. नीट लिहिता येत नाही ते नीट बनलेलेच नाही, हे त्यांना लिहितानाच कळले.

त्याच युनिक्समधला 'एड' हा संपादक मात्र कोणतीही चूक झाली तरी नुसते एक प्रश्नचिन्ह दाखवत असे. शेजारच्या टेबलावर जाणकार बसलेला असेल तर हे चालून जाते. एजंटला शेजारी नसतो. 'तारीख चुकली' एवढाच संदेश मिळाला तर तो अंदाजाने दुसरी तारीख घालून पाहील. 'तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी द्या' असा संदेश मिळाला तर पुढच्या वेळी बरोबर देईल.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाचा खुला संकेत मांडला. त्यात प्रत्येक साधनासाठी त्याचे नाव, साध्या भाषेतले वर्णन आणि काय काय भरून द्यायचे त्याचा तक्ता असतो. २०२५ साली त्यात आणखी खुणा आल्या. हे साधन फक्त वाचते की काही बदलते, बदलत असेल तर आधीचे पुसले जाईल का, तेही सांगण्याची सोय झाली. पन्नासहून अधिक वर्षांनी तोच साचा परत आला, असेच म्हणायला हवे.

आता हे आपल्या अंगणात आणून पाहू. समजा, सात-बाराचा उतारा काढून देणारे एखादे साधन आहे आणि त्याच्या वर्णनात 'सर्व्हे नंबर द्या' एवढेच लिहिले आहे. तालुका, गाव आणि पोटविभागाचा क्रमांकही लागतो हे खिडकीवरच्या माणसाला ठाऊक असते, तो विचारून घेतो. एजंट मिळेल तो उतारा उचलील आणि पुढच्या अर्जाला जोडून मोकळा होईल. उतारा दुसऱ्याच्याच जमिनीचा निघाला तर हेलपाटे कोणी घालायचे? वर्णन लिहिणाऱ्याने नव्हे, अर्जदाराने! दोन ओळी जास्त लिहिल्या असत्या तर हे टळले असते: 'चारही गोष्टी लागतात. एक कमी असेल तर अंदाज करू नका, अर्जदाराला विचारा.'

वर्णन लांबलचक हवे असेही नाही. त्या जुन्या पुस्तकातले एकेक टिपण बहुधा पानभरातच आटपे. काम काय, काय लागते, काय मिळते, काय बिघडू शकते आणि हे साधन केव्हा वापरू नये, एवढे स्पष्ट असले की पुरे. आणि गंमत अशी की यंत्रासाठी म्हणून असे लिहिले तर त्याचा पहिला फायदा नव्याने रुजू होणाऱ्या माणसालाच होतो. डोक्यातले ज्ञान माणसाबरोबर निवृत्त होते, कागदावरचे मागे राहते.