सीमेपार विकली जाणारी शर्यतीची जुनी मोटार : वस्तु कीं इतिहास ?

शर्यतीच्या जुन्या मोटारींची देशोदेशींची खरेदी-विक्री हा विषय ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनीं परका वाटेल. सनदा, ताम्रपट, नाणीं व पोथ्या ह्यांत ज्यांचें चित्त रमलें, त्यांस यंत्रांच्या बाजारांत काय लाभणार, अशी शंका येणें साहजिक आहे. परंतु गेल्या साठ वर्षांत ह्या व्यापारानें जें रूप घेतलें आहे तें पाहतां असें दिसतें कीं, तेथें विकला जाणारा माल बहुतांशीं लोखंड नसून इतिहास आहे. आणि तो इतिहास सिद्ध करण्याचीं साधनें, तसेच त्यांतील खोटेपणा ओळखण्याच्या युक्त्या, आम्हां संशोधकांच्या नित्य परिचयाच्या आहेत. म्हणून ह्या व्यापाराचें स्वरूप थोडक्यांत सांगून त्यापासून आपणांस काय बोध घेतां येईल, याचा विचार येथें केला आहे.

प्रथम सीमेचा विचार करूं. वापरलेली साधी मोटार एका देशांतून दुसऱ्या देशांत नेणें बहुधा तोट्याचें असतें. जकात भरावी लागते, चक्र डाव्या हातास कीं उजव्या हातास हा प्रश्न निघतो, दिव्यांपासून धुरापर्यंत त्या देशाचे नियम पाळावे लागतात. अमेरिकेंत १ जानेवारी १९६८ पासून बनलेल्या मोटारींस सुरक्षिततेचे नियम लागू झाले. त्यामुळें युरोपांत तेथल्याच वापरासाठीं बनलेली वेगवान गाडी अमेरिकेंत नेणें कठीण झालें. आडमार्गानें गाड्या आणणारांचा एक निराळाच व्यापार तेथें वाढला व १९८८ सालीं कायदा करून तो आवळण्यांत आला. मात्र पंचवीस वर्षांहून जुन्या गाडीस सुरक्षिततेच्या नियमांतून सूट ठेवली गेली. परिणाम असा झाला कीं, कित्येक गाड्या पंचविशी उलटेपर्यंत जपान किंवा युरोप येथें वाट पाहत राहतात व वय पूर्ण होतांच समुद्र ओलांडतात. वय वाढलें कीं मालाची किंमत उतरते हा सामान्य नियम. येथें वय हाच परवाना ठरतो.

युरोपांतील जकातीचा प्रकार याहूनहि विचार करण्यासारखा आहे. राष्ट्राराष्ट्रांनीं मान्य केलेल्या जकातीच्या वर्गवारींत ९७०५ क्रमांकाचें एक कलम आहे. ऐतिहासिक, पुराणवस्तुविषयक, नाणकशास्त्रीय इत्यादि महत्त्वाचे संग्रह व संग्राह्य वस्तु त्यांत येतात. जुनी मोटार ह्या कलमाखालीं घालावी कीं नेहमींच्या वाहनांत, असा वाद लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयापुढें गेला. १९८५ सालच्या निवाड्यांत न्यायालयानें कसोट्या सांगितल्या त्या अशा : वस्तु तुलनेनें दुर्मिळ असावी, मूळ उपयोगासाठीं ती सहसा वापरली जात नसावी, नित्याच्या बाजाराबाहेर तिचे विशेष व्यवहार होत असावे, तिचें मूल्य मोठें असावें, शिवाय मानवी कर्तृत्वाच्या वाटचालींतील एखादा महत्त्वाचा टप्पा किंवा कालखंड तिनें दाखवावा. पुढें १९९८ सालीं, तीस वर्षांहून जुनी, चासी, इंजिन, सुकाणू व ब्रेक ह्यांत मोठा फेरफार न झालेली, व जिचा नमुना बनणें बंद झालें आहे, अशी मोटार ऐतिहासिक समजण्यास हरकत नाहीं, असें त्याच न्यायालयानें ठरविलें. म्हणजे बंदरावरील जकातदारासहि आतां तोच प्रश्न विचारावा लागतो जो आपण पोथी हातीं येतांच विचारतों : ही कोणत्या काळची, मूळ कितपत आणि मागाहून घातलेली कितपत ?

आतां एका गाडीचा प्रवास पाहूं. इटलींतील फेरारी कारखान्यानें १९६२ ते १९६४ ह्या काळांत २५० जीटीओ नांवाच्या शर्यतीच्या छत्तीस गाड्या बनविल्या. त्यांतील ३५८९ क्रमांकाची गाडी १९६२ सालीं इंग्लंडांत टॉमी सॉपविथ ह्यांच्या संघाकडे आली व माईक पार्क्स ह्यांनीं ती शर्यतींत हांकली. तेथून ती विकली जाऊन अमेरिकेंत टेक्सास प्रांतीं गेली. शर्यतींतून उतरल्यावर ती तेथील एका शाळेस देणगी म्हणून मिळाली आणि यंत्रविद्या शिकणाऱ्या मुलांच्या हातीं पडली. शाळेनें ती सहा-सात हजार डॉलरांस विकली. नव्या मालकानें ती ओहायो प्रांतीं नेली, आणि तेथें ती एका ढकलगाड्यावर उघड्या शेतांत ऊनपाऊस खात कित्येक वर्षें पडून होती. १९८८ च्या सुमारास ती पुन्हां समुद्र ओलांडून स्वित्झर्लंडास गेली. धान्याच्या कोठींत उंदरांच्या तावडींतून सुटलेलें दप्तर ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस ही हकीकत निराळी सांगावयास नको. त्याच जातीच्या एका गाडीस २०१८ च्या ऑगस्टांत कॅलिफोर्नियांतील लिलावांत चार कोटि चौऱ्यायशीं लक्ष डॉलर आले, व दुसरीस २०२३ च्या नोव्हेंबरांत न्यूयॉर्क येथें पांच कोटि सतरा लक्ष.

एवढी किंमत पत्र्याची व दांतेरी चाकांची असूं शकत नाहीं. कुशल कारागीर तशीच गाडी आजहि घडवूं शकतो. अर्जेंटिनांत बुगाटी टाईप ३५ च्या हुबेहूब नव्या प्रती उघडपणें बनतात व नव्या म्हणूनच विकल्या जातात. जुनीची किंमत तिच्या परंपरेची आहे. आणि ती परंपरा कागदांवर उभी आहे. चासीवर ठोकलेला क्रमांक ही जणूं त्या गाडीची पुष्पिका होय. इंजिन व गिअरपेटी ह्यांवर निराळे क्रमांक असतात, आणि कारखान्याच्या नोंदवहीशीं ते ताडून पाहावे लागतात. त्यानंतर पहिल्या विक्रीचें बिल, प्रत्येक देशांतील नोंदणी, जकातीच्या पावत्या, शर्यतींचीं छायाचित्रें व मागील मालकांचीं पत्रें. आमच्या पागांतून घोड्याचा चेहरा लिहून घेत व त्यास डाग देत, तो याच हेतूनें. हजिरीस एक घोडा व लढाईस दुसरा, असें होऊं नये म्हणून. चासीचा क्रमांक हा लोखंडी घोड्याचा डाग होय.

परंतु डाग बनावट देतां येतो, हें जुन्या सरदारांच्या कारकुनांस जसें ठाऊक होतें तसें मोटारींच्या दलालांसहि आहे. अपघातांत मोडलेल्या गाडीची चासी एकाकडे व इंजिन दुसऱ्याकडे जातें. दोघेहि उरलेलें अंग नवें करून घेतात, आणि काहीं वर्षांनीं एकाच क्रमांकाच्या दोन गाड्या दोन देशांत उभ्या राहतात. ही संधि सीमा देते. एका देशाची नोंदवही दुसऱ्या देशांतील अधिकारी सहसा उघडीत नाहीं. गाडी बंदरांतून बाहेर पडली कीं तिचा मागील कागद मागेंच राहतो व पुढील कागद विकणाराच्या सांगण्यावरून तयार होतो. वतनाच्या भांडणांत परगण्याबाहेरून आणलेल्या सनदेकडे महजरांतील पंच संशयानें पाहत, त्याचें मर्म हेंच.

ह्या सर्व प्रश्नांचा ऊहापोह एका खटल्यांत झाला, तो सांगण्याजोगा आहे. बेंटली कंपनीची स्पीड सिक्स जातीची एक गाडी ‘ओल्ड नंबर वन’ ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत तिनें १९२९ व १९३० अशीं लागोपाठ दोन वर्षें जिंकली. दोन्ही वेळां वुल्फ बार्नाटो हे तिच्या चालकांत होते. नंतर तिच्यांत आठ लिटरचें इंजिन बसविण्यांत आलें, आणि १९३२ सालीं ब्रुकलँड्स येथील शर्यतींत तिला अपघात होऊन चालक क्लाइव्ह डनफी मरण पावले. पुढें ती पुन्हां उभारण्यांत आली. १९९० च्या एप्रिलांत तत्कालीन मालकानें ती जपानी मालकीच्या एका कंपनीस एक कोटि पौंडांस विकण्याचा करार केला. परंतु ही ती मूळ गाडीच नव्हे असें म्हणून खरेदीदारानें पैसे देण्याचें नाकारलें. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत लंडनच्या उच्च न्यायालयांत न्यायमूर्ति ऑटन ह्यांनीं निकाल दिला. पुराव्यांत असें दिसलें कीं, १९२९ च्या विजयी गाडीचा म्हणण्याजोगा भाग जवळजवळ उरलेला नाहीं. तथापि न्यायमूर्तींनीं ठरविलें कीं, भाग हळूहळू व वेळोवेळीं बदलत गेले, मध्यें कोठेंहि गाडीची ओळख तुटली नाहीं, आणि त्या नांवावर हक्क सांगणारी दुसरी गाडी अस्तित्वांत नाहीं. म्हणून हीच ती. तिच्या धातूबरोबर तिचा इतिहास व कीर्ति हींहि विक्रीस होतीं, असा त्या निकालाचा आशय आहे.

आमच्या शास्त्रकारांपुढें हा खटला जाता तर निकाल काय लागता ? नैयायिकांच्या मतें वस्त्राचा एक तुकडा फाडला कीं पूर्वीचें वस्त्र नष्ट होऊन खंडपट हें नवें द्रव्य उत्पन्न होतें. ‘तेंच हें वस्त्र’ ही प्रत्यभिज्ञा केवळ सजातीयत्वावर चालते. ह्या न्यायानें खरेदीदार जिंकला असता. भदंत नागसेनानें मिलिंद राजास रथाचाच दृष्टांत दिला : आंस रथ नव्हे, चाकें रथ नव्हेत, जूं रथ नव्हे, रथ हा केवळ व्यवहार आहे. ह्या मतानें तर दावाच निघाला नसता. इंग्रज न्यायाधीशानें तिसरा मार्ग धरला. द्रव्यापेक्षां संतान, म्हणजे अखंड परंपरा, प्रमाण मानली. पोथ्यांच्या बाबतींत आपणहि असेंच करतों. व्यासांच्या हातची प्रत कोणासहि मिळावयाची नाहीं, म्हणून महाभारत नाहीं असें कोणी म्हणत नाहीं. भांडारकर संस्थेच्या विद्वानांनीं प्रतींच्या परंपरा लावूनच चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली.

मात्र येथें एक भेद आहे व त्याकडे डोळेझाक करणें घातक होईल. पाठचिकित्सकास एका पाठापेक्षां दुसरा पाठ खरा ठरल्यानें द्रव्यलाभ होत नाहीं. मोटारींच्या बाजारांत ‘मूळ’ ह्या एका शब्दावर कोट्यवधि डॉलर अवलंबून असतात. इतिहास लिहवून घेणारा बहुधा विकणाराच असतो, आणि तज्ज्ञाचा अभिप्राय विक्रीच्या तोंडावर मागितला जातो. ज्या साक्षीदाराचा वाद्याशीं लाग्याबांध्याचा संबंध असेल त्याची साक्ष महजरांत तोलून घेत. तोच विवेक येथेंहि हवा. आमचें मत असें कीं, कोणत्याहि वस्तूचा इतिहास ती बाजारांत येण्यापूर्वीं, व ज्यास विक्रीशीं कर्तव्य नाहीं अशा मनुष्यानें लिहून ठेवावा. नाहींतर किंमत हीच प्रमाण होऊन बसते.

हें परदेशचें झालें. परंतु आपल्या घरचीहि एक बाजू आहे. इंदूरचे श्रीमंत यशवंतराव होळकर (दुसरे), ज्यांनीं १९२६ ते १९४८ पर्यंत राज्य केलें, ते मोटारींचे मोठे मर्मज्ञ होते. त्यांच्यासाठीं अमेरिकेंतील ड्यूसेनबर्ग कंपनीच्या चासीवर लंडनच्या गर्नी नटिंग ह्यांनीं उघडी सांगाडी चढविली; गाडीस नारिंगी व काळा रंग दिला होता. ती गाडी पुढें अमेरिकेस परत गेली. अशा कित्येक गाड्या भारताबाहेर गेल्या. १९७१ सालीं संस्थानिकांचे तनखे बंद झाले. १९७२ पासून जुन्या मोटारी परदेशीं नेण्यास बंदी आली. त्याच सालच्या पुराणवस्तूंच्या कायद्यानें पोथीस पंचाहत्तर व इतर वस्तूंस शंभर वर्षांची मर्यादा घातली आहे. उलट बाजूस, १९५० पूर्वींच्याच मोटारी ऐतिहासिक म्हणून आणतां येतील असा नियम पुष्कळ काळ होता. २०२५ सालीं तो बदलून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांस दार उघडण्यांत आलें. म्हणजे गेलेलें कांहीं परत येण्याची वाट आतां मोकळी आहे. आणि त्याच वाटेनें दुसऱ्याचा वंश सांगणारी गाडीहि येऊं शकेल, ‘अमुक महाराजांची’ म्हणून.

अशा वेळीं खरें-खोटें निवडण्यास साधन कोणतें ? गाडी परदेशीं असेल, पण तिचा येथला कागद येथेंच असण्याचा संभव आहे : संस्थानच्या खाजगी खात्यांतील खर्चाची बाब, कारखानदाराचें बिल, मुंबई बंदरांतील जकातीची पावती, चालकाचा पगारपट, घराण्याच्या संग्रहांतील एखादें छायाचित्र. ‘हे अलीकडचे इंग्रजी कागद’ म्हणून मोडीच्या दप्तरांतून ते वेगळे काढून रद्दींत घालण्याचा प्रघात आहे, तो सोडावा. चासीचा क्रमांक असलेली एक ओळ सांपडली तरी ती तारखेसह उतरून घ्यावी, मूळ कागद कोठें आहे तें लिहावें, व ही नोंद मंडळाकडे पाठवावी. वस्तु सीमेपार गेली म्हणजे तिजवरील आपला हक्क जातो. तिच्याविषयीं खरें काय तें सांगण्याचा अधिकार मात्र कागद जपणाराकडेच राहतो. इत्यलम्.