धानाची उधारी आणि दूरदेशीचा माल : गोंदियाच्या बाजाराचा पूर्वेतिहास

परदेशी ऑनलाइन बाजारातून घरपोच येणारा स्वस्त माल आणि गावच्या दुकानातील खरेदी यांच्यातील चढाओढ ही अलीकडच्या दहा-पंधरा वर्षांची घटना मानली जाते. गोंदियाच्या बाबतीत हा समज फारसा टिकत नाही, कारण हे शहरच दूरच्या मालाच्या वाटेवर वाढले आणि येथील बाजाराने स्वस्त परक्या वस्तूंच्या लाटा एकामागून एक पाहिल्या. या प्रत्येक लाटेत काही धंदे बुडाले, काही तगले आणि काही नव्याने जन्मले. कोणता धंदा कोणत्या गटात गेला हे मालाच्या किमतीवरून पूर्णपणे उलगडत नाही. त्यासाठी खरेदीचा पैसा वर्षाच्या कोणत्या महिन्यात हातात येत असे आणि तो येईपर्यंत कोण थांबत असे, हे पाहावे लागते.

आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून झाला, परंतु तळ्यांच्या पाण्यावर धान पिकवणारा हा झाडीपट्टीचा प्रदेश व्यापाराच्या दृष्टीने फार जुना आहे. आगगाडीपूर्वीच्या काळात बंजाऱ्यांचे तांडे, म्हणजे मालवाहू बैलांचे मोठे कळप घेऊन फिरणारे व्यापारी समूह, किनाऱ्याकडील मीठ आत आणत आणि छत्तीसगडाकडील धान्य बाहेर नेत. बैलाच्या पाठीवरून शेकडो कोस येणारा माल स्वस्त असणे शक्यच नव्हते, म्हणून मीठ, मसाले आणि धातू यांपलीकडे गावाच्या बहुतेक गरजा पंचक्रोशीतच भागत.

हे चित्र रेल्वेने पालटले. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली नागपुरास पोहोचली, १८८०च्या दशकाच्या आरंभी नागपुराहून राजनांदगावपर्यंत मीटरमापी लोहमार्ग झाला आणि १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो ताब्यात घेऊन रुंद केला व १८९१ साली आसनसोलमार्गे कलकत्त्याकडे जोडला. पूर्वी कामठा, लांजी किंवा तिरोडा या आसपासच्या गावांच्या मानाने क्षुल्लक असलेले गोंदिया अशा रीतीने दोन मोठ्या बंदरांच्या मधोमध आले. पुढे १९०३ ते १९०५ या काळात येथून बालाघाट, नैनपूर आणि जबलपूरकडे जाणारी, रुळांमध्ये अवघे अडीच फूट अंतर असलेली सातपुडा रेल्वे सुरू झाली आणि नंतर दक्षिणेस नागभीड-चांद्याचा फाटाही निघाला. मुख्य मार्ग व हे अरुंद मार्ग यांच्या रुळांचे माप निरनिराळे असल्यामुळे डबे एका मार्गावरून दुसऱ्यावर जाऊ शकत नसत आणि प्रत्येक पोते गोंदियात उतरवून पुन्हा चढवावे लागे. हमाल, अडते, गोदामे आणि धानगिरण्या यांचे हे शहर या सक्तीच्या थांब्यामुळे घडले, हे त्याच्या इतिहासात पुरेसे ठसठशीतपणे सांगितले जात नाही.

त्याच गाड्यांतून मँचेस्टरचे कापड, बोहेमियातील काचेच्या बांगड्या आणि जर्मनीचे कृत्रिम रंग आले. कापडाच्या बाबतीत परदेशी माल हा एकटाच प्रतिस्पर्धी नव्हता, कारण जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली होती आणि तिचे सूत आल्यावर प्रथम घरोघरचे चरखे थांबले. भंडारा, पवनी, मोहाडी आणि आंधळगाव येथील कोष्टी विणकर गिरणीचे सूत घेऊन रेशीमकाठी वस्त्रे विणत राहिले व त्यातून काही काळ तगले, परंतु खेड्यापाड्यांत जाडेभरडे कापड विणून ते आठवडी बाजारात विकणारा महार विणकर या माऱ्यापुढे टिकू शकला नाही. रंगाऱ्यांचेही तेच झाले. आल नावाच्या झुडपाच्या मुळांपासून काढलेला लाल रंग मध्य प्रांतात, म्हणजे हा भाग ज्यात होता त्या ब्रिटिशकालीन प्रांतात, पिढ्यान्‌पिढ्या वापरात होता, पण त्यातील रंगद्रव्याशी जवळचे नाते असलेले अलिझारिन १८६८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत तयार केल्यानंतर या मुळांची लागवड हळूहळू निरर्थक ठरली. लाखेची बांगडी करणाऱ्यांना चकचकीत आणि स्वस्त काचेच्या बांगडीने मागे रेटले.

त्याच काळात त्याच गावांतील लोहार, सुतार, न्हावी आणि धोबी मात्र टिकून होते. लोखंडी फाळ आणि खिळे बाहेरून येतच होते, तेव्हा स्पर्धा नव्हती असे नाही. फरक व्यवहाराच्या रीतीत होता. या कारागिरांचा मोबदला वर्षातून एकदा, धान खळ्यावर आल्यावर, ठरलेल्या मापाने मिळे आणि त्याच्या बदल्यात नांगराची दुरुस्ती वर्षभर होत राही, तर विणकर आणि रंगारी यांचा माल बाजारात रोखीने विकला जाई. ज्याला त्याच दिवशी पैसे मोजायचे आहेत तो गिऱ्हाईक दोन लुगडी शेजारी ठेवून स्वस्त तेच उचलणार, हे उघड होते. ज्याचे खाते वर्षाअखेरीस मिटते त्या कारागिराशी अशी तुलना होतच नसे. दूरचा माल प्रथम रोखीच्या व्यवहारात शिरला आणि उधारीच्या व्यवहारापाशी तो बराच काळ अडून राहिला.

हीच उधारी पुढे दुकानाचा कणा बनली. या भागात धानाची रोवणी आषाढ-श्रावणात होते आणि कापणी दिवाळीच्या आगेमागे, त्यामुळे मधल्या चार महिन्यांत शेतकऱ्याच्या घरात खर्च असतो, पैसा नसतो. मीठ, तेल, कापड, औषध हे सारे या काळात मारवाडी, गुजराती आणि फाळणीनंतर येथे स्थायिक झालेल्या सिंधी दुकानदारांच्या वहीवर लिहिले जाई व पीक विकल्यावर फेडले जाई. दुकानातील किंमत शहरापेक्षा चढी असे, ती या प्रतीक्षेचे मोल धरूनच. या व्यवस्थेचे उदात्तीकरण करणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. बियाण्याच्या धान्यावर सवाई किंवा दिढी, म्हणजे एका हंगामात सव्वापट किंवा दीडपट परतफेड घेण्याची रीत मध्य प्रांतात सर्रास होती आणि कर्जाचा बोजा एवढा वाढला की प्रांतिक सरकारला १९३३ साली कर्ज-तडजोडीचा कायदा करावा लागला. जमिनी गेल्या त्या याच वह्यांवरून. तरीही त्याच वहीमुळे रोवणीच्या दिवसांत चूल पेटत असे, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

फेडीनंतर उरलेला पैसा खर्च होण्याची जागा म्हणजे मंडई. झाडीपट्टीत दिवाळी संपताच गावोगाव ओळीने भरणाऱ्या जत्रेला मंडई म्हणतात. दिवसा दुकाने आणि रात्री दंडार हे लोकनाट्य किंवा नाटक असा तिचा क्रम असतो. लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात आणि बांगड्या, खेळणी, भांडी व मिठाई यांची वर्षातील मोठी खरेदी होते. मंडईतील माल कधीच सगळा गावठी नव्हता.

उलट दिशेचा प्रवासही लक्षात घेतला पाहिजे. पळस आणि कुसुम यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो राळेसारखा पदार्थ निर्माण करतात, त्यापासून रंग व चपडा (शुद्ध केलेली लाख) या दोन वस्तू मिळतात. कृत्रिम रंगांनी लाखेचा रंग निरुपयोगी केला, पण चपड्याला परदेशात मागणी वाढली, कारण पॉलिश, विद्युत उपकरणांचे आवरण आणि ग्रामोफोनच्या तबकड्या यांसाठी त्याची गरज होती. लाख गोळा करण्याची आणि तिच्यावर प्रक्रिया करण्याची जी केंद्रे मध्य भारतात उभी राहिली त्यांत गोंदियाचे नाव घेतले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर तबकड्या व्हिनाइल या कृत्रिम प्लास्टिकच्या होऊ लागल्या आणि त्या मागणीलाही उतरती कळा लागली. जंगलात लाख खरवडणाऱ्या कुटुंबाचे उत्पन्न त्याने कधी न पाहिलेल्या देशातील प्रयोगशाळेवर दोनदा अवलंबून राहिले, आणि दोन्ही वेळा तोट्यासाठी.

बिडीची कथा याहून वेगळी आहे. गुजरातेतील १८९९च्या दुष्काळानंतर मध्य प्रांतात आलेल्या पटेल कुटुंबांपैकी मोहनलाल आणि हरगोविंददास पटेल यांनी १९०२ साली जबलपुरात बिडीचा धंदा सुरू केला आणि तेंदूपाने मुबलक असलेल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे तो रेल्वेमार्गाने पसरला. स्वदेशीच्या चळवळीत विलायती सिगारेटला पर्याय म्हणून बिडीला बळ मिळाले खरे, पण तिचे यश मुख्यतः स्वस्ताईचे होते, आणि ती स्वस्ताई घरी बसून हजार बिड्यांमागे ठरलेल्या मजुरीवर राबणाऱ्या बायकांच्या श्रमातून आली होती. या धंद्याच्या संपत्तीचा एक भाग सार्वजनिक कामातही गेला; बिडी व्यापाराशी निगडित मनोहरभाई पटेल यांनी १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली. बाजाराच्या इतिहासात मात्र बिडीचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे : तेंदूपानाची तोडणी ऐन उन्हाळ्यात होते आणि बिडीची मजुरी पिकावर अवलंबून नसते, त्यामुळे धानाच्या हंगामाबाहेर रोख पैसा प्रथमच सामान्य घरात, तोही बाईच्या हाती, येऊ लागला.

दूरच्या दुकानातून घरबसल्या माल मागवण्याची सोयही नवी नाही. टपाल खात्याने १८७७ साली व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे मराठी वाचकांना परिचित असलेली व्ही. पी., सुरू केली. पोस्टमन पार्सल देताना किंमत वसूल करी आणि टपाल खाते ती विक्रेत्यास पोहोचवी. घड्याळे, पुस्तके, औषधे अशा वस्तूंच्या जाहिराती आणि सूचीपत्रे वाचून शिक्षक, रेल्वे कर्मचारी आणि मालगुजार, म्हणजे गावाचा शेतसारा सरकारात भरणारे जमीनधारक, त्या मागवू शकत. वाचता येणे आणि रोख पैसा असणे या दोन अटींमुळे हा वर्ग लहानच राहिला व स्थानिक दुकानाला त्याची झळ लागली नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला, त्याची रचना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी आणि संस्कृत कवी होते. आज गोंदियात येणाऱ्या पार्सलांवर छापलेला ४४१६०१ हा आकडा त्यांच्याच योजनेतील आहे.

भारताने आयातीवरील उरलीसुरली संख्यात्मक बंधने १ एप्रिल २००१ रोजी उठवल्यावर चिनी खेळणी, दिव्यांच्या माळा आणि विजेऱ्या यांचा पूर आला, तरी तो आला दुकानातूनच. नागपूरच्या इतवारीसारख्या घाऊक पेठांतून माल उचलणारा गोंदियाचा व्यापारी त्या मालाचा वाहक होता आणि नफ्यात त्याचाही वाटा होता. नुकसान झाले ते मंडईत मातीची व लाकडाची खेळणी घेऊन बसणाऱ्याचे. परदेशी ऑनलाइन बाजारांनी हा वाहकच वगळला. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना जकात नसल्याने अनेक पार्सले ‘भेट’ म्हणून देशात येत असत. सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये राखी आणि जीवरक्षक औषधे वगळून अशा भेटींच्या आयातीवर बंदी घातली, तर २९ जून २०२० रोजी शीन व क्लब फॅक्टरी आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अलीएक्स्प्रेस ही ॲप बंद केली. शीन २०२५ साली रिलायन्सच्या भागीदारीत परतले, परंतु मधल्या काळात देशी मंचांनी तीच स्वस्ताई आणि माल मिळाल्यावर पैसे देण्याची सोय गावोगाव पोहोचवली होती.

आता हे मंच उधारीही देऊ लागले आहेत, आणि गोंदियाच्या दृष्टीने हा बदल पार्सलापेक्षा मोठा आहे, कारण दुकानदाराला आजवर जे संरक्षण होते ते याच एका गोष्टीचे होते. ॲपवरील उधारीला सवाई-दिढीची मनमानी नाही, व्याज आधी कळते आणि वहीतील नोंद कोणी गुपचूप बदलू शकत नाही. हा लाभ खरा आहे. परंतु या उधारीचा हप्ता दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यातून वळता होतो. जिल्ह्यात मुख्य पीक अजूनही धानच आहे, त्याची आधारभूत किमतीने खरेदी दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि आषाढातल्या रोवणीचे मजूर, खत व पऱ्हे (धानाची रोपे) यांचा खर्च पूर्वीसारखाच त्याआधी चार महिने उभा राहतो.